सपाट रस्ता, चढता आलेख

बारामतीहून इंदापूरकडे निघालात, की काटेवाडी मागे पडते, भवानीनगरचा साखर कारखाना दिसतो, मग सणसर, बेलवाडी, लासुर्णे, आंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे येत राहतात. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कालव्याची चारी. सुमारे पन्नास किलोमीटरच्या या वाटेवर घाट नाही. पण याच प्रवासाचा अंतर-काल आलेख काढला, तर रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते. गाडी थांब्यावर उभी राहिली, की रेषा आडवी होते. पाहणारा विद्यार्थी हमखास विचारतो, "इथे चढ होता का? आणि इथून सपाट रस्ता लागला का?"

या प्रश्नाला हसू नका, कारण गतीच्या आलेखांत होणाऱ्या बहुतेक चुका यातूनच निघतात. आलेख हे रस्त्याचे चित्र आहे असे आपण नकळत धरून चालतो. दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' हा शब्द येतो, तो या गैरसमजाला आणखी खतपाणी घालतो. अंतर-काल आलेखातला चढ मात्र जमिनीचा नसतो. उभ्या अक्षावरचे मीटर भागिले आडव्या अक्षावरचे सेकंद, म्हणजे तो चालीचा आकडा असतो. रेषा जितकी उभी, तितकी गाडी वेगात. रेषा आडवी, तर गाडी उभी.

ही गोष्ट पाठ करून पक्की होत नाही. स्वतः मोजलेल्या आकड्यांचे तीन-चार आलेख काढले, की होते. त्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फार उपयोगी पडते. अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांनी एका आठवड्यात करून पाहावे असे हे काम इथे क्रमाने मांडतो आहे.

आधी मोजणी

संगणक उघडण्याआधी मैदानावर जा. एक सायकल, दोन स्वार, एक शिट्टी, फोनमधले स्टॉपवॉच, लांब टेप आणि चुन्याच्या दहा-बारा छोट्या पुड्या एवढेच सामान लागते. एकाने सायकल चालवायची, दुसऱ्याने कॅरियरवर बसून पुड्या धरायच्या. तिसऱ्याने दर पाच सेकंदांनी शिट्टी वाजवायची. शिट्टीसरशी कॅरियरवरच्याने एक पुडी सोडायची. शेवटी टेपने प्रत्येक खुणेचे सुरुवातीपासूनचे अंतर मोजायचे. हे शाळेच्या मैदानावर किंवा बंद रस्त्यावरच करा. उसाच्या ट्रॉल्या धावतात त्या रस्त्यावर मुळीच नको.

हिशेब सोपा जावा म्हणून गोल केलेले आकडे घेऊ. वेळ सेकंदांत: ०, ५, १०, १५, २०, २५, ३०, ३५, ४०, ४५. अंतर मीटरमध्ये: ०, ५, २०, ४०, ६०, ८०, १००, ११०, ११०, ११०.

मोजणीतली एक बारीक चूक इथेच समजून घ्या. हातातून सुटलेली पुडी सरळ खाली पडत नाही. सायकलचा वेग तिच्यातही असतो, त्यामुळे ती थोडी पुढे जाऊन पडते. हात एक मीटर उंचीवर असेल, तर पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. सायकल सेकंदाला ४ मीटर जात असेल, तर खूण सुमारे १.८ मीटर पुढे उमटते. पण चाल सारखी असेपर्यंत सगळ्या खुणा सारख्याच पुढे सरकतात, म्हणून तेवढ्या भागाचा चढ बदलत नाही. सुरुवातीला आणि ब्रेक लावताना मात्र बदलतो. ही नोंद वहीत आलेखाशेजारी लिहून ठेवा. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत 'दोषांचे स्रोत' विचारतात, तेव्हा पाठ केलेल्या वाक्यापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची ठरते.

मग कागद, मग संगणक

आता आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने अंदाज काढा. आकडे काटेकोर मांडायचे नाहीत, फक्त आकार काढायचा. सुरुवातीला रेषा वळत वर जाईल, कारण सायकल वेग घेते आहे. मधला भाग सरळ तिरका. मग ब्रेक, म्हणून रेषा झुकेल. शेवटी आडवी. हा कागद बाजूला जपून ठेवा. संगणकाने काढलेला आलेख याच्याशी ताडून पाहायचा आहे. अंदाज न बांधता थेट संगणकाचा आलेख पाहिला, तर तो बरोबरच वाटतो. मग डोके चालत नाही, फक्त मान डोलते.

संगणक नसेल तर अडून बसू नका. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालते आणि आलेखासाठी लागणारे सगळे त्यात आधीच बसवलेले असते. इंटरनेट सारखे जात असेल, तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड हे ॲप टाकून घ्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पायथन असेलच. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा विद्या प्रतिष्ठानच्या संस्थांत शिकणाऱ्यांनी मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत बसण्याची परवानगी मागावी. संगणकशास्त्र ही आपली शाखा नाही म्हणून संकोच करू नये.

पायथन गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. तिच्यातून आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब हे साधन जॉन हंटर यांनी २००३ मध्ये खुले केले. ते मेंदूचे संशोधक होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत डोळ्यांना दिसावेत म्हणून त्यांनी ते लिहायला घेतले. दोन्ही विनामूल्य आहेत.

सहा ओळींचा पहिला प्रोग्रॅम

खाली आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. 'पायप्लॉट'चे स्पेलिंग पी आणि वाय या अक्षरांनी सुरू होते, एवढे ध्यानात ठेवा.

१. इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब.पायप्लॉट ॲज पीएलटी. या ओळीने आलेखाची पेटी उघडते. पीएलटी हे तिचे तीन अक्षरी टोपणनाव.

२. वेळ = [वरचे दहा आकडे]. चौकटी कंसात, प्रत्येकानंतर स्वल्पविराम.

३. अंतर = [त्यांचे दहा आकडे].

४. पीएलटी.प्लॉट(वेळ, अंतर, 'ओ'). आडवा अक्ष आधी, उभा नंतर. अवतरणचिन्हातले ओ हे इंग्रजी अक्षर ठिपके काढायला सांगते.

५. पीएलटी.ग्रिड(). मागे चौकटी उमटतात.

६. पीएलटी.शो(). आलेख पडद्यावर येतो.

'वेळ' आणि 'अंतर' ही नावे मी मराठीत लिहिली, ती केवळ तुमच्या सोयीसाठी नाहीत. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत खरोखर चालतात. कीबोर्ड मराठीवर घ्या, नाव लिहा, पुन्हा इंग्रजीवर या. अंक मात्र इंग्रजीच हवेत. प्रोग्रॅममध्ये मराठी ५ लिहिला, की चूक दाखवली जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पहिला दिवस अनेकदा याच एका गोष्टीत जातो, म्हणून आधीच सांगतो.

ठिपक्यांबद्दलही एक नियम पाळा. मोजलेले आकडे ठिपक्यांनी दाखवायचे, सूत्रातून आलेले रेषेने. दोन ठिपके रेषेने जोडले, की मधल्या पाच सेकंदांतही काय घडले ते आपण पाहिले, असा दावा होतो. आपण ते पाहिलेले नसते.

एका फेरीचे तीन आलेख

खरा अभ्यास आता सुरू होतो. प्रत्येक पाच सेकंदांत सायकल किती पुढे गेली ते काढा आणि पाचाने भागा. सरासरी वेग येतात: १, ३, ४, ४, ४, ४, २, ०, ०. नमपाय हे साधन घेतले, तर त्याची 'डिफ' ही आज्ञा सगळ्या वजाबाक्या एका ओळीत करते. पण पहिल्या खेपेला हाताने करा.

आता हे वेग 'वेळ' या यादीसमोर मांडून पाहा. प्रोग्रॅम अडेल आणि दोन याद्यांची लांबी जुळत नाही असे सांगेल. बहुतेक जण इथे शेवटी एक शून्य चिकटवून वेळ मारून नेतात. तसे करू नका. वेळा दहा आहेत, पण दोन वेळांमधली अंतरे नऊच. कुंपणाला दहा खांब असले, तर मधले गाळे नऊ असतात, तसेच हे. सरासरी वेग कुठल्या एका खांबाचा नसतो, गाळ्याचा असतो. म्हणून तो गाळ्याच्या मधोमध मांडायचा: २.५, ७.५, १२.५ अशा वेळांवर. संगणकाने दाखवलेल्या या चुकीत सरासरी वेग आणि तात्क्षणिक वेग यांतला सगळा फरक सामावलेला आहे.

वेगाचा आलेख काढायला 'बार' ही आज्ञा वापरा आणि खांबाची रुंदी ५ ठेवा. आता खांबांची क्षेत्रफळे मिळवा. वेगांची बेरीज २२, गुणिले ५, म्हणजे ११० मीटर. टेपने मोजलेले अंतरही तेवढेच होते. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी आडव्या रेषेवर वेळ आणि उभ्या रेषेवर वेग मांडून क्षेत्रफळातून अंतर काढून दाखवले होते. तेच तुम्ही मैदानावरच्या चुन्याच्या खुणांवरून केलेत.

तिसरा आलेख त्वरणाचा. पहिल्या दोन वेगांत २ चा फरक, पाच सेकंदांत, म्हणजे ०.४ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पुढच्या गाळ्यात ०.२ येते, त्यानंतर शून्य. स्वाराने ०.४ चे त्वरण थेट शून्यावर आणले होते, मग हा ०.२ कुठून आला? पाच सेकंदांच्या गाळणीत तो कोपरा बोथट झाला. शिट्टी दर दोन सेकंदांनी वाजवली असती, तर कोपरा अधिक तीक्ष्ण दिसला असता. प्रत्येक वजाबाकीबरोबर मोजणीतला दोष वाढत जातो. त्वरणाचा आलेख नेहमी वेड्यावाकड्या दातांचा येतो, त्याचे कारण हेच.

तिन्ही आलेख एकाखाली एक काढा. 'सबप्लॉट्स' या आज्ञेत तीन ओळी, एक स्तंभ असे सांगा आणि 'शेअरएक्स' चालू ठेवा, म्हणजे तिघांचा वेळेचा अक्ष एकच राहतो. मग एक पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवा. वर रेषेचा चढ बदलतो, तेव्हा मध्ये उंची बदलते आणि खाली त्वरण शून्यावरून हलते. तीस सेकंदांशी पट्टी थांबवून तिन्ही आलेख मोठ्याने वाचा. मुले इथे पहिल्यांदा म्हणतात, "अच्छा, हा ब्रेक आहे."

अक्षांवर मराठी

'एक्सलेबल' आणि 'वायलेबल' या आज्ञांनी अक्षांना नावे द्या, आणि एककाशिवाय नाव देऊ नका. मराठी नाव दिल्यावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतील. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोज असेल, तर फॉन्ट म्हणून निर्मला यूआय निवडा. कोलॅबमध्ये नोटो सॅन्स देवनागरीची फाइल स्वतः चढवून तिची नोंद करावी लागते.

तरीही एक अडचण उरते. अनेक आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. 'विस्थापन', 'त्वरण', 'मिनिटे' हे शब्द विस्कटतात. 'वेळ', 'वेग', 'अंतर', 'सेकंद', 'मीटर', 'तास' नीट येतात. तेव्हा सुरुवातीला हेच शब्द वापरा. बाकीचे आलेख छापल्यावर हाताने लिहा. त्यात कमीपणा नाही.

बेलवाडीचे रिंगण

अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवायला या भागाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच मार्गाने जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण. अश्व जिथून सुटला, तिथेच परत येतो.

समजा रिंगणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि एक फेरी २० सेकंदांची. फेरीचे अंतर सुमारे १८८.५ मीटर, सरासरी चाल सेकंदाला सुमारे ९.४ मीटर. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. हे ऐकायला विचित्र वाटते, आलेखात मात्र लगेच पटते. सुरुवातीच्या जागेपासूनचे अंतर-काल आणि विस्थापन-काल असे दोन आलेख एकाच चौकटीत काढा. अंतराची रेषा एकसारखी चढत जाते. विस्थापनाची रेषा कमानीसारखी वर जाऊन दहाव्या सेकंदाला ६० मीटरला टेकते आणि विसाव्या सेकंदाला जमिनीवर येते. सहा फेऱ्यांचा आलेख काढलात, तर सहा कमानी दिसतील आणि अंतराची रेषा मात्र मागे वळून पाहणार नाही.

यात दोन चुका ठरलेल्या आहेत. एक, साइन आणि कोसाइन या आज्ञांना कोन रेडियनमध्ये लागतो. अंशांत दिला, तर भलतीच आकृती येते. दोन, मैदानावरचा मार्ग काढला, की वर्तुळाऐवजी लंबगोल दिसतो, कारण पडदा आडवा असतो आणि संगणक दोन्ही अक्ष सोयीप्रमाणे ताणतो. 'ॲक्सिस' या आज्ञेला 'इक्वल' सांगितले, की वर्तुळ नीट होते. मैदानावरचा मार्ग हे खरे चित्र आहे, म्हणून तिथे दोन्ही अक्षांचे माप सारखे हवे. वेळेच्या आलेखात तशी गरज नाही, कारण सेकंद आणि मीटर यांची लांबी एकमेकांशी ताडताच येत नाही. चित्र आणि आलेख यांतला फरक इथे सर्वांत स्पष्ट होतो.

लहान पावलांनी पुढे

सूत्र ठाऊक असेल, तर प्रोग्रॅम सोपा. चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर एका सेकंदात तो ४.९ मीटरवर पोचतो आणि दोन सेकंदांत हातात परत येतो. उंचीचा आलेख कमान, वेगाची रेषा सरळ उतरती, त्वरण सतत उणे ९.८. माथ्यावर वेग शून्य असतो म्हणून त्वरणही शून्य, हे उत्तर परीक्षेत पुष्कळदा येते. तिन्ही आलेख एकाखाली एक ठेवा. वेगाची रेषा शून्य ओलांडताना थांबत नाही हे दिसल्यावर ती चूक पुन्हा होत नाही.

हवेचा विरोध धरला, की शाळेतली सूत्रे अपुरी पडतात. तिथे लहान पावलांची पद्धत वापरायची: आताच्या वेगाने थोडा वेळ पुढे जा, मग नवा वेग काढा, पुन्हा थोडे पुढे जा. प्रोग्रॅममध्ये हे 'फॉर' या आज्ञेच्या फेऱ्यांत बसते. आतल्या ओळींना चार जागांचा समास सोडायला विसरू नका, पायथन समासावरूनच अर्थ लावते.

पाऊल किती मोठे घ्यायचे? हवेचा विरोध न धरता, उत्तर ठाऊक असलेल्या उदाहरणावर आधी तपासा. एका सेकंदात मुक्तपणे पडणारी वस्तू ४.९ मीटर पडते. ०.१ सेकंदाच्या पावलांनी, जुना वेग वापरून, उत्तर ४.४१ येते. ०.०१ च्या पावलांनी ४.८५१. ०.००१ च्या पावलांनी ४.८९५१. पाऊल दहापट लहान केले, की चूक साधारण दहापट कमी होते. प्रत्येक पावलात जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी घेतली, तर मोठ्या पावलांनीही ४.९ येते. हे चारही आलेख एकाच चौकटीत काढून ठेवा.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणासाठी मोटरची कवचे घडवली गेली आहेत. अग्निबाणाचे इंधन जळत जाते तसे त्याचे वस्तुमान घटते, म्हणून त्वरण स्थिर राहत नाही आणि एका सूत्रात त्याचा मार्ग बसत नाही. तो काढायला पावलापावलानेच हिशेब करावा लागतो. त्या हिशेबातली पद्धत आणि बळे आपल्यापेक्षा खूप काटेकोर असतात, पण पाया तुमच्या 'फॉर'च्या फेरीचाच आहे.

या आठवड्याचे काम

पहिल्या दिवशी मोजणी आणि कागदावरचा अंदाज. दुसऱ्या दिवशी सहा ओळींचा प्रोग्रॅम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीन आलेख. पाचव्या दिवशी रिंगण. सहाव्या दिवशी हे गणित: सकाळी ८ वाजता बारामतीहून एक गाडी सुटली आणि ८.१५ ला इंदापूरहून दुसरी. अंतर ५० किलोमीटर, दोघींची चाल तासाला ४०. दोन्ही रेषा एकाच आलेखात काढा. त्या एकमेकींना ८.४५ वाजता, बारामतीपासून ३० किलोमीटरवर छेदतात. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांसाठी असाच वेळ-अंतराचा आलेख ठेवतात. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन रेषांचा छेद स्थानकातच यावा लागतो, ते त्यावरून ठरवता येते. पायथनचे पुढचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मिळतील.

सातव्या दिवशी इंदापूरच्या गाडीत बसा. प्रत्येक गाव आले, की वेळ टिपा. गाडी थांबल्याची आणि सुटल्याची वेळ वेगवेगळी लिहा. संध्याकाळी आलेख काढा आणि त्याखाली मराठीत लिहा: ही रेषा उभी आहे, इथे रस्ता मोकळा होता, ही आडवी आहे, इथे निमगाव केतकीला गाडी थांबली होती. मग ज्याने तो प्रवास केलेला नाही अशा घरातल्या एखाद्याला तो कागद द्या आणि तुमची वाक्ये हाताने झाकून विचारा, गाडी कुठे कुठे थांबली? त्याने आडव्या तुकड्यांवर बोट ठेवले, तर तुमचा आलेख चांगला उतरला आहे.